बोरघाट ओलांडून गेलेला कवी : सर एडविन आर्नोल्ड (१८३२–१९०४) आणि मराठी बुद्धचरित्राची परंपरा

प्रस्तावना

पनवेलहून खोपोलीकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर लोधिवली, चौक, खालापूर ही गावे एकामागून एक लागतात. पुढे खोपोली आणि त्यापुढे बोरघाट. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरलेला आणि पुण्यास जाऊ इच्छिणारा प्रवासी याच पट्ट्यातून पुढे सरकत असे. लष्करी अधिकारी, मुलकी सेवक, मिशनरी, व्यापारी आणि शिक्षक अशा नाना प्रकारच्या लोकांची या मार्गावर ये-जा होती. त्यांपैकी बहुतेकांची नावे कालौघात पुसली गेली. तथापि १८५७ च्या आसपास पुण्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारण्यासाठी आलेल्या एका तरुण इंग्रज कवीचे नाव पुढे जगभर दुमदुमले आणि नंतर तितक्याच वेगाने विस्मृतीत गेले. सर एडविन आर्नोल्ड हे ते नाव होय.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात आर्नोल्ड यांची गणना आज गौण कवींमध्ये होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील काव्यसंग्रहांत त्यांना क्वचितच स्थान मिळते. त्यांच्याच आडनावाचा समकालीन कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नोल्ड आजही अभ्यासक्रमांत आढळतो. एडविन आर्नोल्ड मात्र तेथून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. महाराष्ट्रातही त्यांची आठवण डेक्कन कॉलेजचा एक जुना प्राचार्य एवढ्यापुरतीच मर्यादित राहिली आहे. असे असले तरी मराठीतील आधुनिक बुद्धचरित्राच्या परंपरेचा मागोवा घेऊ लागले की या विस्मृत कवीची वाट पुन्हा पुन्हा आडवी येते.

प्रस्तुत लेखात पुढील तीन उद्दिष्टे समोर ठेवण्यात आली आहेत :

१. एडविन आर्नोल्ड यांच्या जीवनाचा आणि वाङ्मयीन कार्याचा थोडक्यात परामर्श घेणे.
२. त्यांच्या पुण्यातील वास्तव्याचा त्यांच्या काव्याशी असलेला संबंध तपासणे.
३. मराठी बुद्धचरित्राच्या परंपरेने त्यांच्याकडून काय घेतले आणि काय नाकारले, याचा विचार करणे.

घराणे, शिक्षण आणि आरंभीचे काव्य

एडविन आर्नोल्ड यांचा जन्म १० जून १८३२ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात ग्रेव्हझेंड येथे झाला. वडील रॉबर्ट कोल्स आर्नोल्ड हे ससेक्स परगण्यातील दंडाधिकारी होते. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील अशी सुस्थित घराणी आपल्या मुलांना उत्तम शिक्षण देऊन धर्मपीठ, वकिली, शासकीय सेवा किंवा राजकारण या क्षेत्रांत पाठवीत असत. आर्नोल्ड घराणेही त्याला अपवाद नव्हते. एडविन यांचे धाकटे बंधू आर्थर आर्नोल्ड पुढे पार्लमेंटचे सदस्य आणि लंडन परगणा मंडळाचे अध्यक्ष झाले.

रॉचेस्टर येथील किंग्ज स्कूल, लंडनचे किंग्ज कॉलेज आणि ऑक्सफर्डचे युनिव्हर्सिटी कॉलेज अशा क्रमाने एडविन यांचे शिक्षण झाले. १८५२ मध्ये बायबलमधील बेलशाझर राजाच्या मेजवानीवर रचलेल्या काव्यासाठी त्यांना ऑक्सफर्डमधील प्रतिष्ठेचे न्यूडिगेट पारितोषिक मिळाले. पाठोपाठ १८५३ मध्ये त्यांचा पहिला काव्यसंग्रह प्रकाशित झाला. ही कविता सफाईदार होती, अभ्यासू होती. परंतु तिला स्वतःचा विषय अद्याप सापडला नव्हता. बायबलमधील प्रसंग, ग्रीक-रोमन आख्याने आणि मध्ययुगीन कथा हेच त्या काळच्या सुशिक्षित इंग्रज तरुणाचे काव्यविषय असत. आर्नोल्ड त्याच चाकोरीत लिहीत होते. उपजीविकेसाठी त्यांनी बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्‌स शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. ते इंग्लंडमध्येच राहिले असते तर पारितोषिकप्राप्त विद्यार्थिकवी एवढीच त्यांची नोंद उरण्याचा संभव होता. वयाच्या पंचविशीच्या सुमारास पुण्यातील नियुक्तीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

घाटमार्ग आणि त्याचा काळ

आर्नोल्ड भारतात आले तो काळ मुंबई–पुणे मार्गाच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तेव्हापासून मुंबईहून होडीने पनवेलपर्यंत आणि तेथून लोधिवली–चौक–खालापूर मार्गे खोपोलीस जाण्याची सोय झाली. १८५६ च्या मे महिन्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत येऊन पोहोचला. १८५८ मध्ये घाटमाथ्यावरील खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रेल्वेविनाच राहिला. म्हणजेच आर्नोल्ड यांच्या पुण्यातील संपूर्ण वास्तव्यात प्रवाशाला खोपोलीस उतरून पालखीने, घोड्यावरून किंवा गाडीने घाट चढावा लागे. प्रवासी होडीने पनवेलला येवो वा आगगाडीने, आजच्या कर्जत–खालापूर परिसरातून गेल्याशिवाय त्याला पुणे गाठता येत नसे. त्या काळी हा परिसर ठाणे जिल्ह्यात मोडत होता.

या काळाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे घाटातील रेल्वेचे बांधकाम १८५६ ते १८६३ या अवधीत चालू होते. सुमारे पंधरा मैलांच्या या चढणीवर पंचवीस बोगदे खोदण्यात आले. १८६१ च्या आरंभी कामावरील मजुरांची संख्या ४०,००० हून अधिक होती. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो मजूर मृत्युमुखी पडले. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीच्या प्रश्नावरून घाटात दंगाही झाला. व्याधी आणि मरण यांचे दर्शन घडण्यासाठी या रस्त्यावरील प्रवाशाला प्राचीन कपिलवस्तूची कल्पना करण्याची गरज नव्हती.

दुसरे वैशिष्ट्य असे की, हा सारा मुलूख प्राचीन काळी बौद्ध भिक्षूंचा होता. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे आणि त्याच तालुक्यात आंबिवली येथे लेणी आहेत. घाटमाथ्यावर कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी आहेत. कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावर भिक्षुसंघाने ही निवासस्थाने कोरवून घेतली होती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लोकमानसात अशा लेण्यांचा संबंध बहुधा पांडवांशी जोडला जात असे. बुद्धाची वास्तू उभी होती, बुद्धाची स्मृती मात्र लोपली होती. ज्या कवीने पुढे बुद्धाचे चरित्र इंग्रजी वाचकांच्या घराघरांत पोहोचविले, त्याच्या नोकरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ही लेणी होती, हा योगायोग अर्थपूर्ण म्हणावा लागेल.

विश्रामबागवाड्यातील प्राचार्य

आर्नोल्ड ज्या संस्थेचे प्राचार्य झाले तिची पार्श्वभूमी पेशवाईशी निगडित होती. पेशव्यांच्या काळात विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. त्या दक्षिणा निधीचा काही भाग वापरून माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचे स्थान दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात होते. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा यांचे एकत्रीकरण होऊन पूना कॉलेज अस्तित्वात आले. याच संस्थेला पुढे १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ती येरवड्याच्या नव्या इमारतीत गेली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखे विद्वान या पाठशाळेच्या परंपरेतूनच घडले होते. शास्त्री-पंडितांची पारंपरिक विद्या आणि पाश्चात्त्य ज्ञान यांची गाठ महाराष्ट्रात ज्या थोड्या ठिकाणी पडत होती, त्यांपैकी हे एक महत्त्वाचे स्थान होते.

आर्नोल्ड यांच्या कारकिर्दीचा आरंभ १८५७ च्या उठावाच्या छायेत झाला. त्या काळात त्यांनी शासनास केलेल्या साहाय्याबद्दल गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी मुंबईच्या कौन्सिलमध्ये त्यांचे जाहीर आभार मानले. याच वर्षी १८ जुलै रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. आर्नोल्ड विद्यापीठाचे फेलोही होते. एका बाजूस उठावाचे दमन आणि दुसऱ्या बाजूस विद्यापीठाची स्थापना या दोन्ही घटनांच्या मध्यभागी हा तरुण प्राचार्य उभा होता. तो राज्यकर्त्यांचा निष्ठावंत सेवक होता आणि त्याच वेळी येथील विद्येचा विद्यार्थीही होता. ही दुहेरी भूमिका त्यांच्या उत्तरायुष्यातही कायम राहिली. तिच्याकडे दुर्लक्ष करून त्यांचे मूल्यमापन करणे एकांगी ठरेल.

पुण्यात आर्नोल्ड यांनी संस्कृतचा अभ्यास केला. त्याची फलश्रुती म्हणून १८५९ मध्ये संस्कृत, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांतील शब्दार्थांसह त्यांचे 'हितोपदेश' प्रसिद्ध झाले. हे पुस्तक आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. परंतु मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कमी नाही. पौर्वात्य वाङ्मयाकडे वळलेल्या या इंग्रज कवीच्या पहिल्याच ग्रंथात मराठी ही अर्थबोधाची एक भाषा म्हणून उपस्थित होती. संस्कृतपर्यंत पोहोचण्याची त्यांची वाट पुण्यातून आणि काही अंशी मराठीतून गेली, याचा हा छापील पुरावा होय. १८६० मध्ये भारतातील शिक्षणाविषयी त्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. १८६१ मध्ये हितोपदेशाचे इंग्रजी भाषांतर 'द बुक ऑफ गुड काउन्सेल्स' या नावाने प्रकाशित झाले. त्याच वर्षी ते इंग्लंडला परतले.

पुण्यातील वास्तव्य जेमतेम चार वर्षांचे होते. तरीही त्याचा ठसा त्यांच्या काव्यावर किती खोल उमटला, हे पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी दिसून आले. १८८५ च्या 'द सीक्रेट ऑफ डेथ' या काव्यात त्यांनी कठोपनिषद इंग्रजीत आणले. त्यातील रचना संवादाची आहे आणि तिचे स्थळ पुण्याजवळ मुळा-मुठेच्या काठावरील एक देऊळ आहे. तेथे एक ब्राह्मण आणि एक इंग्रज साहेब एकत्र बसून संस्कृत पोथी वाचतात. नचिकेता आणि यम यांच्या संवादासाठी कवीने हिमालयातील आश्रम निवडला नाही, पुण्याचा नदीकाठ निवडला. यातून त्यांच्या संस्कृत-अध्ययनाचे मूळ स्थान सूचित होते. तसेच ज्ञान देणारा कोण आणि घेणारा कोण, याविषयीची त्यांची भूमिकाही व्यक्त होते.

संपादक आणि भारतीय विषयांचा कवी

इंग्लंडला परतल्यावर आर्नोल्ड 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्रात रुजू झाले आणि पुढील सुमारे चार दशके त्यांचा त्या पत्राशी संबंध राहिला. १८७३ मध्ये ते त्याचे मुख्य संपादक झाले. याच वर्षी अश्शूरविद्येचे अभ्यासक जॉर्ज स्मिथ यांना निनेव्हे येथील उत्खननासाठी या पत्राने अर्थसाहाय्य दिले. १८७४ मध्ये हेन्री स्टॅन्ली यांच्या आफ्रिकेतील मोहिमेचा खर्च या पत्राने 'न्यूयॉर्क हेरल्ड'च्या सहकार्याने उचलला. पत्राचे धोरण ब्रिटिश साम्राज्याच्या विस्तारास अनुकूल होते आणि संपादक या नात्याने आर्नोल्ड त्या धोरणाचे शिल्पकार होते. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने भारताची सम्राज्ञी ही पदवी धारण केली, त्या प्रसंगी त्यांना सी.एस.आय. हा किताब मिळाला. १८८८ मध्ये के.सी.आय.ई. या किताबाने ते 'सर' झाले.

अग्रलेखाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात त्यांची काव्यरचना चालू होती. १८७५ मध्ये जयदेवाच्या 'गीतगोविंदा'चे, १८८३ मध्ये महाभारतातील काही आख्यानांचे आणि १८८५ मध्ये 'द साँग सिलेस्टियल' या नावाने भगवद्गीतेचे रूपांतर प्रसिद्ध झाले. १८८३ मधील 'पर्ल्स ऑफ द फेथ' या संग्रहात त्यांनी इस्लाममधील ईश्वरनामांवर काव्य रचले. यावरून त्यांच्या रसिकतेचा आवाका लक्षात येतो. मूळ संस्कृतच्या काटेकोरपणाच्या कसोटीवर ही रूपांतरे सर्वत्र उतरतात असे नाही. विद्वानांना उद्देशून ती लिहिलेलीच नव्हती. सामान्य इंग्रजी वाचकाला भारतीय काव्याचा आस्वाद मिळावा, हा त्यांचा हेतू होता.

'द लाइट ऑफ एशिया'

१८७९ मध्ये 'द लाइट ऑफ एशिया' प्रकाशित झाले. निर्यमक छंदातील या आठ सर्गांच्या काव्यात एक काल्पनिक बौद्ध भक्त सिद्धार्थ गौतमाची कथा सांगतो. जन्म, बालपणीची करुणा, यशोधरेशी विवाह, राजवाड्यातील सुखोपभोग, वृद्ध, रोगी आणि मृत यांचे दर्शन, मध्यरात्रीचे महाभिनिष्क्रमण, तपश्चर्या, बोधिवृक्षाखालील माराशी झालेला संघर्ष, ज्ञानप्राप्ती आणि पुन्हा कपिलवस्तूस आगमन असा कथेचा क्रम आहे. सामग्रीसाठी कवीने स्पेन्स हार्डी यांचा सिंहली परंपरेवरील ग्रंथ आणि सॅम्युएल बील यांनी चिनी भाषेतून केलेले बुद्धचरित्राचे भाषांतर यांसारख्या साधनांचा आधार घेतला. म्हणजेच कवीच्या हाताशी असलेला बुद्ध कार्ल्याच्या शिलालेखांतून आलेला नव्हता. तो सिंहल आणि चीन येथील परंपरांतून लंडनमध्ये पोहोचलेला होता.

काव्याला मिळालेले यश अभूतपूर्व होते. इंग्लंड आणि अमेरिकेत त्याच्या डझनावारी आवृत्त्या निघाल्या. आर्नोल्ड यांच्या द्वितीय पत्नी बोस्टनच्या चॅनिंग घराण्यातील होत्या. त्या शहरातील उदारमतवादी विचारवंतांच्या वर्तुळाने काव्याचे उत्साहाने स्वागत केले. सयामच्या राजाने कवीला श्वेतगज किताबाने गौरविले. चार्ल्स डार्विन यांच्या ग्रंथांनी धर्मश्रद्धा डळमळीत झालेल्या त्या पिढीला चमत्कारावर न विसंबता करुणेवर आणि कर्मनियमावर उभा असलेला हा महापुरुष जवळचा वाटला. या लोकप्रियतेमुळेच ख्रिस्ती धर्मप्रचारकांत अस्वस्थता निर्माण झाली. १८८४ आणि १८८५ मध्ये अमेरिकेत या काव्याचे खंडन करणारे स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाले. आर्नोल्ड यांनी बुद्धाला ख्रिस्ताच्या रंगात रंगविले, असा त्यांतील एक मुख्य आक्षेप होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. शैली टेनिसनची, भाषा बायबलची आणि भावना व्हिक्टोरियन कुटुंबजीवनाची असे या काव्याचे मिश्रण होते.

लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना मोहनदास गांधी यांनी थिऑसफिस्ट मित्रांच्या आग्रहाने आर्नोल्डकृत गीता वाचली. त्यांच्या आत्मचरित्रात या वाचनाचा उल्लेख कृतज्ञतेने येतो. 'द लाइट ऑफ एशिया'ही त्यांनी याच काळात वाचले. पुढे बेजवॉटर भागात शाकाहारी मंडळ स्थापन करताना त्यांनी तेथेच राहणाऱ्या आर्नोल्ड यांना उपाध्यक्ष होण्याची विनंती केली. भारतीय तरुणाला स्वतःच्या धर्मग्रंथाचा परिचय इंग्रज कवीच्या भाषांतरातून व्हावा, ही तत्कालीन शिक्षणपद्धतीवरील मर्मभेदी टीका होय. या टीकेचे उत्तरदायित्व मात्र कवीचे नव्हे, व्यवस्थेचे आहे.

पुनर्भेट आणि बोधगया

१८८५-८६ च्या हिवाळ्यात आर्नोल्ड पुन्हा भारतात आले. या प्रवासाचे वर्णन १८८६ मधील 'इंडिया रिव्हिजिटेड' या ग्रंथात आहे. आता बोरघाटातून आगगाडी धावत होती. पालखीने चढलेला घाट त्यांना डब्यात बसून पाहता येणार होता. पूना कॉलेज विश्रामबागवाड्यातून येरवड्यास गेले होते आणि त्याचे नावही बदलले होते.

या प्रवासातील सर्वांत दूरगामी घटना बोधगयेची भेट ही ठरली. तेथील महाबोधी मंदिर हिंदू महंतांच्या ताब्यात होते. जगातील कोट्यवधी बौद्धांच्या श्रद्धास्थानाची ती स्थिती पाहून आर्नोल्ड व्यथित झाले. श्रीलंकेतील भिक्षूंशी त्यांनी या विषयावर चर्चा केली आणि मंदिर बौद्धांकडे सोपवावे असा आग्रह शासनाकडे धरला. १८९३ मध्ये 'डेली टेलिग्राफ'मधून त्यांनी ही मागणी पुन्हा मांडली. अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये बोधगयेस भेट दिली आणि त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली. त्यांच्या कार्यामागील प्रेरणांत आर्नोल्ड यांच्या लेखनाचा समावेश होता. मंदिराच्या व्यवस्थापनाचा प्रश्न १९४९ च्या कायद्याने संयुक्त समितीकडे सोपविण्यात आला. तथापि त्याविषयीचा वाद एकविसाव्या शतकातही शमलेला नाही.

उत्तरायुष्यात आर्नोल्ड काही काळ जपानमध्ये राहिले. त्यांच्या तृतीय पत्नी तामा कुरोकावा जपानी होत्या. टेनिसन यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये राजकवीचे पद रिकामे झाले, तेव्हा आर्नोल्ड यांचेही नाव चर्चेत होते. १८९६ मध्ये ते पद आल्फ्रेड ऑस्टिन यांना मिळाले. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे 'द लाइट ऑफ द वर्ल्ड' हे १८९१ मधील काव्य वाचकांना भावले नाही. आपल्या धर्माच्या संस्थापकावर लिहिताना ज्या कवीची प्रतिभा मंदावली, ती परधर्माच्या संस्थापकावर लिहिताना फुलली होती, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. तशाही अवस्थेत लेखन चालू ठेवून २४ मार्च १९०४ रोजी लंडन येथे त्यांनी देह ठेवला.

मराठी वाचकांचा प्रतिसाद

आर्नोल्ड यांच्या काव्याचा मराठीतील प्रवास हा या चरित्राचा उत्तरार्ध मानावयास हवा. गोविंद नारायण काणे यांनी या काव्याच्या आधारे बुद्धाचे चरित्र मराठीत आणले. गोव्यातील साखवाळ येथील एका तरुणाच्या हाती ते पडले. त्याआधी 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्राने त्याच्या मनात जिज्ञासा जागविलेली होती. काणे यांच्या ग्रंथाने ती ध्यासात परिवर्तित झाली. हा तरुण म्हणजे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७). १८९९ मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि श्रीलंका अशी त्यांची खडतर ज्ञानयात्रा 'निवेदन' या आत्मचरित्रात नमूद आहे. पुण्यात शिकलेल्या इंग्रज कवीचे काव्य मराठी रूपांतरातून गोव्यातील खेड्यात पोहोचले आणि तेथील वाचक बुद्धाच्या शोधात पुन्हा पुण्यास आला. असे हे वर्तुळ पूर्ण झाले.

मराठीतील बुद्धचरित्राचा दुसरा प्रवाह कृष्णाजी अर्जुन केळुसकर (१८६०–१९३४) यांच्यापासून सुरू होतो. त्यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आर्नोल्ड यांच्या काव्याचे रूपांतर नसून स्वतंत्र गद्यचरित्र आहे. केळुसकर गुरुजींनी एका सत्कारप्रसंगी या ग्रंथाची प्रत विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांना भेट दिली. या वाचनाने बुद्धाकडे आपले लक्ष वेधले, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. आर्नोल्ड यांच्या काव्याने बुद्धविषयक कुतूहलाचे जे वातावरण इंग्रजी शिकलेल्या वर्गात निर्माण केले, त्याच वातावरणात केळुसकरांचा ग्रंथ अवतरला. त्याची प्रेरणा मात्र सत्यशोधकीय समाजचिंतनाशी जवळीक असलेल्या बहुजन लेखकाची होती.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. आर्नोल्ड यांच्या काव्याचा नाट्यपूर्ण कळस म्हणजे वृद्ध, रोगी आणि मृत यांचे आकस्मिक दर्शन आणि त्यातून घडलेला गृहत्याग. मराठी परंपरेतील दोन्ही श्रेष्ठ अभ्यासकांनी नेमका हाच प्रसंग नाकारला. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात पाली साधनांची छाननी करून ही कथा उत्तरकालीन ठरविली. परस्परांविरुद्ध शस्त्रे उचलणाऱ्या माणसांचा कलह पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले, असे त्यांनी 'अत्तदंड सुत्ता'च्या आधारे प्रतिपादिले. 'बोधिसत्त्व' या १९४५ मधील नाटकात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादाला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले. १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच डॉ. आंबेडकरांनी पारंपरिक कथेवर प्रश्नचिन्ह उभे केले. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने तोवर म्हातारपण, आजार किंवा मृत्यू पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यांच्याही मांडणीत गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचा संघर्ष येतो.

या नकाराचा अर्थ केवळ ऐतिहासिक चिकित्सेपुरता मर्यादित नाही. ज्याने दुःख कधी पाहिलेच नाही अशा राजपुत्राची कथा लंडन आणि बोस्टनमधील सुखवस्तू वाचकाला स्वतःची वाटू शकत होती. ज्या समाजात दुःख दाराशीच बसलेले होते, तेथे ती कथा अपुरी पडणे स्वाभाविक होते. बोरघाटाच्या बोगद्यांत राबणाऱ्या मजुराला किंवा पाणवठ्यावरून हाकलल्या जाणाऱ्या अस्पृश्याला दुःखाचे दर्शन घडविण्याची आवश्यकता नव्हती. त्याला दुःखाचे कारण हवे होते आणि ते कारण सामाजिक होते. पाण्याच्या हक्कावरून उद्भवलेला संघर्ष हा १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या नेत्याला आणि त्याच्या अनुयायांना किती जवळचा वाटला असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. महाड आणि खालापूर ही दोन्ही ठिकाणे आज एकाच रायगड जिल्ह्यात आहेत, याचीही येथे नोंद घ्यावीशी वाटते.

निष्कर्ष

१. एडविन आर्नोल्ड यांच्या आरंभीच्या काव्यात कौशल्य होते, पण स्वतःचा विषय नव्हता. तो विषय त्यांना पुण्यातील वास्तव्याने आणि संस्कृतच्या अभ्यासाने दिला. १८५९ चे त्रिभाषिक 'हितोपदेश' हा त्याचा आरंभबिंदू होय.

२. आर्नोल्ड साम्राज्याचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते आणि भारतीय विद्येचे प्रामाणिक उपासकही होते. यांपैकी एकच बाजू स्वीकारल्यास कृतज्ञतेचा अतिरेक तरी होतो किंवा अन्याय तरी होतो.

३. मराठी बुद्धचरित्राच्या परंपरेने आर्नोल्ड यांच्याकडून कुतूहल घेतले, निष्कर्ष घेतले नाहीत. काणे यांचे रूपांतर, केळुसकरांचे स्वतंत्र चरित्र, कोसंबींची पाली साधनांवर आधारलेली चिकित्सा आणि डॉ. आंबेडकरांची धम्ममांडणी असा तिचा विकास झाला.

४. गौण कवी ही संज्ञा सापेक्ष आहे. काव्यगुणांच्या निकषावर इंग्रजी समीक्षेने दिलेला निर्णय बदलण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या कवीचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या उत्तम ओळींवरून जसे ठरते, तसे त्याच्या वाचकांनी पुढे काय केले यावरूनही ठरते. या दुसऱ्या निकषावर आर्नोल्ड यांचे स्थान महाराष्ट्राच्या इतिहासात इंग्लंडच्या वाङ्मयेतिहासापेक्षा अधिक पक्के आहे.

लोधिवली–खालापूरचा रस्ता आजही वाहता आहे आणि कोंडाण्याची लेणी आजही डोंगरात उभी आहेत. आज मात्र ती कोणाची, हे सांगण्यासाठी परदेशी कवीची गरज राहिलेली नाही. येथील माणसांनी १९५६ नंतर त्यांच्याशी असलेले आपले नाते स्वतःच पुन्हा जोडून घेतले आहे. आर्नोल्ड यांच्या कार्याची इतिश्री कशात झाली असे विचारले, तर त्याचे उत्तर त्यांच्या काव्याच्या आवृत्त्यांत शोधण्यापेक्षा या पुनर्जोडणीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.